जवळच्या पल्ल्याची हलकी वाहने : अमरावती-अकोल्याच्या संदर्भात एक प्रस्तावना

शहरात राहणाऱ्या माणसाचे बहुतेक जाणेयेणे लांबचे नसते. घरून शाळेत, शाळेतून शिकवणीला, बाजारातून दवाखान्यात, स्टेशनवरून घरी, असे दोन-चार किलोमीटरांच्या आतले हेलपाटे दिवसातून अनेकदा पडतात, आणि ते इतके अंगवळणी पडलेले असतात की त्यांना कोणी प्रवास म्हणत नाही. ‘जरा जाऊन येतो’ एवढ्या शब्दांत ते उरकले जातात. या जवळच्या पल्ल्यासाठी वापरली जाणारी, वजनाने हलकी, वेगाने बेताची आणि रस्त्यावर थोडीच जागा अडवणारी वाहने हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे. टांगा, सायकल, सायकलरिक्षा, लुनासारखी मोपेड, तीनचाकी ऑटो आणि अलीकडची ई-रिक्षा ही सारी एकाच घराण्यातली मानली आहेत, कारण त्यांची कुळे निराळी असली तरी त्यांनी उचललेले काम एकच आहे.

‘हलके वाहन’ ही संज्ञा येथे वाहनाचे स्वतःचे वजन आणि त्याने वाहून नेलेल्या माणसांचे वजन यांच्या प्रमाणावरून ठरवली आहे. साधी काळी सायकल वीस किलोंच्या आसपास भरते आणि साठ किलोंच्या माणसाला नेते, म्हणजे वाहन माणसाच्या एक तृतीयांश असते. नऊशे किलोंची मोटार एकट्या माणसाला घेऊन निघाली, तर वाहन माणसाच्या पंधरापट होते. चालत्या वस्तूच्या अंगी गतीमुळे जी ऊर्जा येते, तिला गतिज ऊर्जा म्हणतात. ती वजनाच्या प्रमाणात आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी पंधरा किलोमीटरने चाललेली सायकल व तिच्यावरचा माणूस यांच्या तुलनेत ताशी चाळीसने चाललेल्या मोटारीची ही ऊर्जा ऐंशीपटींहून अधिक भरते, आणि चौकात ब्रेक दाबला की ती सगळी उष्णतेच्या रूपाने वाया जाते. दर दोनशे पावलांवर थांबावे लागणाऱ्या गावात हा हिशेब पाठ्यपुस्तकापुरता राहत नाही. तो पेट्रोलच्या खर्चात आणि धडकेत होणाऱ्या इजेतही उतरतो.

या विषयासाठी अमरावती आणि अकोला ही शहरे निवडण्याचे कारण त्यांच्या आकारात आहे. २०११च्या जनगणनेत अमरावतीची लोकसंख्या सुमारे साडेसहा लाख आणि अकोल्याची सव्वाचार लाखांच्या आसपास नोंदली गेली. सगळीकडे पायी जाता येईल इतकी ही गावे लहान राहिली नाहीत आणि भुयारी रेल्वे किंवा मेट्रो परवडावी इतकी मोठीही झालेली नाहीत. अमरावतीत निजामाच्या अमदानीत उभा राहिलेला परकोट आजही जुन्या वस्तीला वेढून आहे, आणि जवाहर गेट, अंबा गेट किंवा खोलापुरी गेटमधून आत शिरताच रस्ता बोळ होऊन जातो. मुंबई-हावडा मुख्य मार्गावरच्या गाड्या सुमारे दहा किलोमीटरवरच्या बडनेऱ्याला थांबतात, म्हणून शेकडो मैलांचा प्रवास करून आलेल्या माणसाची खरी घासाघीस शेवटच्या दहा किलोमीटरांसाठी सुरू होते. अकोल्यात मोर्णा नदीने गाव दुभंगलेले आहे: एका काठाला असदगड, राजराजेश्वराचे देऊळ आणि जुने शहर, तर दुसऱ्या काठाला स्टेशन, टिळक रोड, गांधी रोड, रामदासपेठ आणि जठारपेठ. त्यामुळे नदीवरच्या पुलांवर दिवसभर चालते ती वाहतूक मुख्यतः जवळच्या पल्ल्याचीच असते.

या दोन शहरांना जोडणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ५३ची कीर्ती जगभर झाली. जून २०२२ मध्ये अमरावती जिल्ह्यातील लोणी ते अकोला जिल्ह्यातील माना या टप्प्यात ७५ किलोमीटर लांबीच्या एका मार्गिकेचे डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत अखंडपणे करण्यात आले आणि त्याची गिनेस बुकात नोंद झाली. हा पराक्रम निःसंशय मोठा आहे, आणि त्याचा अभिमान वऱ्हाडाला वाटतो तो योग्यच आहे. परंतु त्या रस्त्यावरून भरधाव आलेला माणूस गावात शिरल्यावर घरापर्यंतचे तीन किलोमीटर कसे काटतो, याची मोजदाद करण्याची सवय आपल्या नियोजनाला लागलेली नाही. दोन गावांमधले अंतर शासनदरबारी मोजले जाते, त्यासाठी निधी येतो, कालमर्यादा ठरते. गावातल्या गावात पडणारे अंतर मात्र ज्याचे त्याने निस्तरायचे, असेच धरून चालले जाते. या उपेक्षेमुळेच हलक्या वाहनांचा इतिहास लिहिला गेला नाही, आणि तो लिहिणे आवश्यक आहे ते याच कारणासाठी.

जड आणि हलके हा भेद वऱ्हाडी बोलीने फार पूर्वीच केलेला आहे. कापसाचे बोंदरे, कडबा, शेणखत वाहायला बंडी. माणसांनी लग्नाला, जत्रेला, लेकीला आणायला जायचे तर दमणी किंवा रेंगी. बंडी अवजड, तिचे चाक जाड, त्यावर चढवलेली लोखंडी धावही रुंद. दमणी अंगाने सडपातळ, तिला चपळ बैल जुंपायचे आणि वर छत घालायचे. काम निराळे तर वाहन निराळे, हे शहाणपण शेतकऱ्याच्या गोठ्यात होते. गावात बैलांऐवजी घोडा आला आणि टांगा झाला. त्या टांग्यातही वजनाचे शास्त्र होतेच. दोन चाकांवर तोललेल्या या गाडीत काही प्रवासी पुढे आणि काही पाठमोरे मागे बसत. मागचा भार वाढला की गाडी उलाळ होई, म्हणजे धुरा वर उचलल्या जाऊन घोड्याच्या पोटाखालचा तंग ताणला जाई. पुढचा भार वाढला की तेच ओझे त्याच्या पाठीवर येई. टांगेवाल्याने ‘पुढे सरका’, ‘एकाने मागे बसा’ म्हणायचे ते प्रवाशांच्या सोयीसाठी नव्हे, जनावराच्या जिवासाठी.

वाहतुकीच्या इतिहासाचा एक पुरावा वऱ्हाडाच्या रोजच्या बोलण्यात शिल्लक आहे. पुण्या-मुंबईकडे ‘रिक्षा’ म्हटले की इंजिनाची तीनचाकी डोळ्यांपुढे येते. विदर्भात तिला ‘ऑटो’ म्हणतात, आणि ‘रिक्षा’ हा शब्द पायडल मारून चालवायच्या सायकलरिक्षासाठी राखलेला असतो. ज्या गावात सायकलरिक्षा आधीच रुजली होती, तिथे नव्या वाहनाला दुसरे नाव शोधावे लागले. जिथे ती फारशी नव्हती, तिथे जुनेच नाव नव्या वाहनाला चिकटले. १९५६ पर्यंत वऱ्हाडाचा कारभार नागपूरहून, मध्य प्रांताच्या आणि पुढे मध्य प्रदेशाच्या अंगाने चालत होता, हे लक्षात घेतले म्हणजे या मुलखाची वाहने उत्तरेकडच्या शहरांशी अधिक मिळतीजुळती का आहेत, हे समजणे सोपे जाते.

‘रिक्षा’चा मूळ शब्द जपानी आहे. माणसाच्या बळाने चालणारी गाडी असा त्याचा अर्थ, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जपानात ही हाताने ओढायची गाडी प्रचारात आली. तिला सायकलचा सांगाडा जोडला गेला आणि १९३०च्या दशकात सायकलरिक्षा भारतात दिसू लागली. या यंत्राकडे जवळून पाहिले तर त्याची रचना किती हेळसांडीने ठरली आहे, हे ध्यानात येते. साखळी बहुधा मागच्या दोन चाकांपैकी एकाच चाकाला फिरवते, गिअर नसतात, आणि सगळ्या भाराला थांबवण्याची जबाबदारी पुढच्या चाकाच्या ब्रेकवर असते. रिक्षा, चालक आणि दोन प्रवासी मिळून अडीचशे किलो धरले आणि तीस फुटांना एक फूट असा साधा चढ धरला, तर नुसत्या चालण्याच्या वेगाने हा भार वर न्यायलाही शंभर वॅटच्या आसपास शक्ती लागते. माणूस तासन्‌तास देऊ शकतो ती शक्ती पाऊणशे वॅटची. अमरावतीत राजकमल चौकाजवळच्या रेल्वेपुलाच्या तोंडाशी रिक्षावाला सीटवरून उतरे, एक हात हँडलवर आणि दुसरा सीटच्या मागे ठेवून, अंग पुढे झुकवून रिक्षा ढकलू लागे, याचे कारण या आकड्यांत आहे. त्याला आळशी म्हणणाऱ्यांनी हे गणित एकदा करून पाहावे.

सायकलरिक्षाविषयी सुशिक्षितांत दोन टोके दिसतात: माणसाने माणसाला ओढणे हे लाजिरवाणे, म्हणून ती बंद करावी, किंवा ती गरिबाची रोजी आहे आणि धूर सोडत नाही, म्हणून आहे तशी राहू द्यावी. या दोन्हींत यंत्राच्या आणि मालकीच्या प्रश्नाला हात घातला जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने तो १९८० मध्ये घातला होता. रिक्षा चालवण्याचा परवाना फक्त मालकालाच द्यावा, असा कायदा पंजाबने केला, तेव्हा भाड्याने रिक्षा चालवणाऱ्यांवर उपासमारीची पाळी आली. आझाद रिक्षा पुलर्स युनियनच्या त्या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी चालकांना कर्ज मिळवून देऊन त्यांनाच मालक करण्याची वाट दाखवली. त्यानंतर पंचेचाळीस वर्षांनी, ऑगस्ट २०२५ मध्ये, माथेरानातील हाताने ओढायच्या रिक्षांची प्रथा सहा महिन्यांत बंद करून ओढणाऱ्यांचे ई-रिक्षांद्वारे पुनर्वसन करावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला, आणि त्यात या जुन्या निकालाचे स्मरण केले. त्या पीठाचे प्रमुख, तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई, हे अमरावतीचे. सह्याद्रीच्या डोंगरावरील गाड्यांचा न्याय वऱ्हाडच्या सुपुत्राच्या हातून व्हावा हा योगायोग असेल, पण सुखावणारा आहे.

ऑटोच्या जन्मामागेही माणसाने माणसाला ओढण्याची हीच वेदना होती. माणसाने ओढायच्या रिक्षेला पर्याय म्हणून इंजिनाची तीनचाकी आणावी, असा ध्यास स्वातंत्र्यसैनिक नवलमल फिरोदिया यांनी घेतला आणि मुंबई राज्याच्या गृहखात्याकडे त्यासाठी पाठपुरावा केला. ज्या बच्छराज कंपनीतून पुढे हे ऑटो बनवणारी बजाज ऑटो उभी राहिली, तिचे नाव वर्ध्याच्या बच्छराज शेठजींवरून आलेले. म्हणजे ऑटोच्या वंशावळीत विदर्भाचा वाटा पहिल्यापासून आहे. मात्र ऑटोने माणसाचे कष्ट वाचवले तरी वाटणीचा प्रश्न शिल्लक ठेवला, आणि तो वऱ्हाडने आपल्या पद्धतीने सोडवला: एका माणसाने अख्खा ऑटो करण्याऐवजी ठरलेल्या वाटेवर ‘सवारी’ म्हणून बसायचे आणि आपल्यापुरते पैसे द्यायचे. महापालिकेच्या बसला जे जमत नाही ते, म्हणजे दर दोन-चार मिनिटांनी गाडी मिळणे, या व्यवस्थेने साधले. गाडीत माणसे कोंबली जातात हे तिचे दुखणे नजरेआड करण्यासारखे नाही, पण त्या दुखण्यावरून व्यवस्थाच मोडीत काढणे अन्यायाचे होईल.

स्वतःच्या मालकीच्या हलक्या वाहनांत सायकलचे स्थान अजोड आहे. २०११च्या जनगणनेत देशातील सुमारे पंचेचाळीस टक्के कुटुंबांकडे सायकल होती, आणि मोटार पाच टक्क्यांहूनही कमी कुटुंबांकडे. १९७२ मध्ये कायनेटिक कंपनीने बाजारात आणलेली लुना हे सायकल आणि मोटारसायकल यांमधले वाहन: पन्नास सीसीचे इंजिन, पन्नास किलोंच्या आसपास वजन, आणि इंजिन रुसले तर घर गाठायला पायडल. सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींना पन्नास सीसीपर्यंतची दुचाकी चालवण्याची मुभा कायद्याने दिली, त्यामुळे महाविद्यालयात जाणाऱ्या मुलींच्या हाती पहिल्यांदा स्वतःचे वाहन आले ते बहुधा या जातीचे. पांढरा दुपट्टा तोंडाला गुंडाळून, पुढच्या मोकळ्या जागेत पिशवी ठेवून निघालेली मुलगी ही विदर्भातल्या उन्हाळ्याची ओळखीची खूण आहे. भावाची किंवा वडिलांची वाट न पाहता गावभर फिरण्याची मोकळीक तिला कोणत्याही सभेतल्या भाषणापेक्षा या लहान यंत्राने अधिक दिली. फेब्रुवारी २०२४ मध्ये लुना विजेवर चालणाऱ्या रूपात परत आली.

विजेच्या वाहनांत कायद्याने केलेले भेद समजून घेणे आवश्यक आहे. ज्या दुचाकीच्या मोटरची शक्ती अडीचशे वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी पंचवीस किलोमीटरच्या आत आहे, तिला ठरावीक अटींवर मोटारवाहन मानलेच जात नाही. म्हणून तिला नोंदणी लागत नाही आणि चालवणाऱ्याला लायसनही लागत नाही. ई-रिक्षाची गोष्ट निराळी. दिल्लीत तिच्यावर २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने बंदी घातल्यानंतर केंद्राने त्याच वर्षी नियम केले आणि २०१५ मध्ये मोटारवाहन कायद्यात दुरुस्ती करून तिला स्वतंत्र ओळख दिली. चार प्रवासी, चाळीस किलो सामान आणि ताशी पंचवीसची मर्यादा ही त्या नियमांची चौकट. २०१६ मध्ये तिला परमिटमधून सूट मिळाली. परिणामी कमी भांडवलात रोजी देणारे वाहन म्हणून ती वेगाने पसरली, आणि कोणत्या रस्त्यावर किती असाव्यात हे ठरवण्याचे एक साधन शासनाच्या हातून गेले.

आता वऱ्हाडची हवा आणि माती यांच्याशी ई-रिक्षाची गाठ कशी पडते ते पाहिले पाहिजे, कारण परगावच्या यंत्राचे बहुतेक अपयश याच दोन ठिकाणी लपलेले असते. स्वस्त ई-रिक्षात सामान्यतः शिसे आणि आम्ल यांच्या बॅटऱ्या असतात. चार बॅटऱ्यांचे वजनच शंभर किलोंच्या वर जाते, म्हणजे रिक्षा दोन अदृश्य प्रवासी कायमचे घेऊन हिंडते. तापमान दर दहा अंशांनी वाढले की अशा बॅटरीचे आयुष्य जवळपास निम्म्यावर येते, असा ठोकताळा आहे. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा प्रवाशांच्या सीटखालच्या बंद खोक्यात काय होत असेल, ते वेगळे सांगायला नको. बॅटरीतले पाणी आटते, ते वेळेवर भरले गेले नाही की पट्ट्या उघड्या पडतात, आणि मूळ कर्ज फिटण्याआधीच नव्या बॅटऱ्यांसाठी दुसरे कर्ज काढण्याची पाळी चालकावर येते. सावलीचा रिक्षाथांबा ही शोभेची मागणी नाही. तो या धंद्याच्या जमाखर्चाचा भाग आहे.

मातीचे म्हणणेही ऐकावे लागते. वऱ्हाडची काळी, कापसाची जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे तिच्यावरचा रस्ता पाया नीट नसेल तर लाटांसारखा होतो आणि पहिल्या पावसात खड्डे पडतात. अठ्ठावीस इंची चाकाची सायकल उथळ खड्ड्यावरून निघून जाते. ई-रिक्षाचे बारा इंची चाक त्यात उतरते. शिवाय दुचाकीच्या चाकांची वाट एकच असते, म्हणून ती खड्डा चुकवू शकते. तीनचाकीच्या वाटा तीन असतात, पुढचे चाक वाचवावे तर मागच्यांपैकी एक सापडतेच. दमणीचे चाक मोठे का होते, याचे उत्तर नव्या कारखानदारांनी या मातीला विचारायला हवे होते.

तसा विचार महाराष्ट्रातच झालेला आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात सायकलरिक्षाची रचना सुधारण्याचे, तिला मोटरची जोड देण्याचे आणि पुढे पूर्ण विजेवर चालणारी रिक्षा बनवण्याचे काम केले. दिल्लीच्या रस्त्यांवर ई-रिक्षांची गर्दी होण्याच्या कितीतरी आधी एका तालुक्याच्या गावी हे घडले. ते मोठ्या प्रमाणावर बाजारात का उतरले नाही, हा प्रश्न दुःखद आहे. संशोधकाने दाखवलेली वाट आणि कारखान्याने धरलेली वाट यांची गाठ घालून देणारे कोणी नसले की परदेशातून सुट्या भागांत आलेले स्वस्त यंत्र जिंकते.

जगातल्या मोठ्या शहरांनाही हा विषय आता सुचला आहे. पॅरिसमध्ये भाड्याने मिळणाऱ्या, उभ्याने चालवायच्या विजेच्या स्कूटर आल्या, पदपथांवर पडून राहू लागल्या, आणि एप्रिल २०२३ मध्ये घेतलेल्या मतदानात नागरिकांनी त्या नाकारल्या. वऱ्हाडातील हलक्या वाहनाला असा पर्याय नाही, कारण ते कोणाच्या फावल्या वेळेची सोय म्हणून आलेले नाही. त्याच्यावर चालवणाऱ्याचे घर आणि बसणाऱ्याचा दिवस दोन्ही अवलंबून आहेत. महाराष्ट्राच्या २०२१च्या विद्युत वाहन धोरणात ज्या निवडक शहरांसाठी उद्दिष्टे ठेवली गेली, त्यांत अमरावती होती, अकोला नव्हते. पण उद्दिष्टांत चार्जिंग केंद्रांइतकीच जागा थांब्यांना, परकोटाच्या दारांतून कोणती वाहने आत सोडायची या नियमाला आणि पुलांवर सायकलसाठी राखलेल्या पट्टीला मिळायला हवी. अमरावतीत अंबादेवीच्या नवरात्रात किंवा अकोल्यात राजराजेश्वराच्या कावडीच्या दिवशी मोटारी बाहेर थांबवून गाव चालते; त्या दिवसांच्या व्यवस्थेतून वर्षभरासाठी काही घेता येते का, हे तपासण्याजोगे आहे.

मालाची वाहतूक, म्हणजे हातगाड्या आणि सायकलठेले, यांचा विचार येथे ओझरता येतो, कारण तो स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. उलट दुरुस्तीच्या विद्येला मात्र विस्ताराने जागा दिली आहे. हलके वाहन टिकते ते कारखान्यावर नव्हे, कोपऱ्यावरच्या दुकानावर, आणि तिथले ज्ञान कागदावर नाही. म्हणून पुढील विवेचन सायकलच्या दुकानातून सुरू होते, जिथे कारागीर चाकाचा ‘आउट’ काढत बसलेला असतो: चाक उलट्या सायकलीच्या फोर्कमध्ये फिरते आहे, रिमला लागेल न लागेल असा खडू एका हाताने धरला आहे, जिथे रिम बाहेर आली तिथे पांढरी खूण उमटते, आणि मग चाक थांबवून तो त्या खुणेजवळच्या दोन स्पोक सैल करतो, समोरच्या दोन आवळतो, प्रत्येक तारेवर नख मारून तिचा आवाज ऐकतो, आणि चाक पुन्हा फिरवतो.